दोन पेन्सचा हिशेब

व्यापारी घरात चित्रपट पाहण्याची एक ठरलेली रीत असते. मुले आणि त्यांची आई दिवाणखान्यात ऐसपैस बसतात, आजी माळ हातात घेऊन मागच्या खुर्चीवरून अधूनमधून पडद्याकडे नजर टाकते, आणि घरचा कर्ता पुरुष उशिरा येतो. चौविहार पाळणारा असेल तर त्याचा संध्याकाळचा डबा दुकानावरच गेलेला असतो. घरी येतो तो केवळ अंग टाकण्यासाठी, आणि त्याआधी दिवसभराची येणी-देणी मोबाइलवर पुन्हा एकदा चाळण्यासाठी. पडद्यावर काय चालले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यातून तो लहान मुलांचा चित्रपट असेल तर विचारायलाच नको. छत्री धरून आभाळातून उतरणारी दाई, खडूच्या चित्रात उडी मारून आत शिरणारी माणसे, हसता हसता छताला टेकून तिथेच चहा पिणारे काका, असल्या गोष्टींसाठी उद्या सकाळी माल उतरवून घ्यायचा असलेल्या माणसाने वेळ का द्यावा?

‘मेरी पॉपिन्स’ हा चित्रपट नेमका असल्याच गोष्टींचा आहे. तरीही मुलांसोबत पाच मिनिटे टेकलेला मोठा माणूस ज्या थोड्या बालचित्रपटांतून शेवटची पाटी येईपर्यंत उठत नाही, त्यांत या चित्रपटाचा क्रम फार वरचा लागेल. लांबी १३९ मिनिटांची. म्हणजे तीन सामायिकांना पाच मिनिटे कमी. इतका वेळ एका जागी बसण्याची सवय ज्याला फक्त पर्युषणात असते, तो बसून राहतो याला काही कारण असले पाहिजे. जादू हे ते कारण नव्हे. जादू मुलांसाठी आहे, आणि ती भरपूर आहे. मोठ्या माणसाला धरून ठेवतो तो त्या जादूच्या कडेने सतत ये-जा करणारा, मिशी आणि गोल टोपीवाला, घड्याळाकडे पाहणारा एक मनुष्य. त्याचे नाव जॉर्ज बँक्स. तो बँकेत नोकरीला आहे, आणि त्याला दोन मुले आहेत.

वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने हा चित्रपट १९६४ साली प्रदर्शित केला. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन, गाणी रिचर्ड आणि रॉबर्ट या शर्मन बंधूंची. मेरी पॉपिन्सच्या भूमिकेत ज्युली अँड्र्यूज. तिचा हा पहिलाच चित्रपट, आणि पहिल्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर. चित्रपटाला एकूण तेरा नामांकने आणि पाच पारितोषिके मिळाली. जॉर्ज बँक्सचे काम करणाऱ्या डेव्हिड टॉमलिन्सनला त्यांतले एकही मिळाले नाही. चित्रपट खऱ्या अर्थाने त्याच्या खांद्यावर उभा आहे हे ध्यानात यायला प्रेक्षकाचे वय थोडे वाढावे लागते.

कथा १९१० च्या लंडनमधली. चेरी ट्री लेन नावाच्या गल्लीत सतरा क्रमांकाचे घर. शेजारी एक निवृत्त नौदल अधिकारी राहतो आणि वेळ झाली की छपरावरून तोफ डागतो. तेवढ्यापुरती बँक्सच्या घरातली सगळी माणसे फुलदाण्या आणि तसबिरी धरून उभी राहतात. घर असे घड्याळावर चालते. सायंकाळी सहाला तोफ होते, आणि सहा वाजून एका मिनिटाने जॉर्ज बँक्स दारात पाऊल ठेवतो. मुलांना न्हाऊ-माखू घालून त्याच्यासमोर आणायचे, त्याने त्यांच्या डोक्यावर थोपटायचे आणि झोपायला पाठवायचे, असा त्याचा क्रम. पितृत्वाचा सारा कारभार एखाद्या चोख रोजमेळासारखा. त्याला आपल्या आयुष्याचा अभिमान आहे आणि तो अभिमान तो गाऊनही दाखवतो.

जेन आणि मायकल या त्याच्या मुलांचा पतंग फाटला आहे. तो पतंग चांगला झाला नव्हता, आम्ही एकट्यांनीच केला होता, तुम्ही मदत केलीत तर बरा होईल, असे मुले चाचरत वडिलांना सुचवतात. वडील ते ऐकतात आणि न ऐकल्यासारखे पुढे जातात. मग मुले नव्या दाईसाठी आपल्या मनासारखी जाहिरात लिहून आणतात. जॉर्ज बँक्स ती वाचून फाडतो आणि चुलाणात टाकतो. कागदाचे तुकडे धुराड्यातून वर उडतात, आणि दुसऱ्या दिवशी आकाशातून आलेल्या मेरी पॉपिन्सच्या हातात तोच कागद सांधलेला असतो. मुलांना यात चमत्कार दिसतो. मोठ्यांना फाडणारे हात दिसतात. मुलाने दाखवायला आणलेली चित्रकलेची वही ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारलेली असते, आणि ते ‘नंतर’ आलेले नसते. अशा माणसाला ही दोन मिनिटे सहज जात नाहीत.

खडूच्या चित्रातला प्रवेश आपल्या वाचकांना विशेष रुचेल. लाकडी घोड्यांवर बसून मंडळी रानात शिरतात, तिथे कोल्ह्याची शिकार चाललेली असते, शिकारी कुत्रे मागे लागलेले असतात. मेरीचा मित्र बर्ट धावत्या घोड्यावरून खाली झुकतो आणि कोल्ह्याला उचलून आपल्यामागे बसवतो. इंग्रजी उमरावांचा तो मानाचा खेळ. चित्रपट त्याची बाजू न घेता कोल्ह्याची घेतो, आणि तेही सहज, जाता जाता.

परंतु चित्रपटाचा कणा आहे दोन पेन्सचा. मायकलजवळ स्वतःचे दोन पेन्स आहेत. लंडनच्या सेंट पॉल या भव्य चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसते आणि पक्ष्यांसाठी दाण्यांच्या पुड्या विकते. एका पुडीला दोन पेन्स. आदल्या रात्री मेरी पॉपिन्स मुलांना काचेचा एक गोळा दाखवते. आत ते चर्च, आणि हलवला की भोवती पक्षी उडतात. मग ती त्या म्हातारीचे गाणे गाते. अतिशय संथ, जवळजवळ स्तवनासारखे गाणे आहे ते. म्हातारीची भूमिका जेन डारवेल या ज्येष्ठ अभिनेत्रीने केली. वय ऐंशीच्या पुढे, काम सोडून दिलेले. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः गळ घालून त्यांना आणले. ती त्यांची चित्रपटातली शेवटची भूमिका ठरली.

या गाण्याविषयी रिचर्ड शर्मन यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत आहे. शुक्रवारी कामाचा आठवडा संपत आला की वॉल्ट डिस्ने दोघा भावांना आपल्या दालनात बोलावून घेत, इकडचे तिकडचे बोलत, खिडकीबाहेर पाहत, आणि मग म्हणत, वाजवा. कोणते गाणे, हे सांगावे लागत नसे. शेकडो माणसांच्या पगाराची, कर्जाची, करमणूक-उद्यानाच्या खर्चाची चिंता वाहणारा एक उद्योजक आठवडा संपताना पाखरांना दाणे टाकण्याचे गाणे ऐकत बसे. ते गाणे ज्या चित्रपटासाठी झाले तो तिकिटांचा गल्ला भरणारा चित्रपट होता हे खरे. पण शुक्रवारच्या त्या अर्ध्या तासाचा गल्ल्याशी संबंध नव्हता.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गुजरातेतील गावोगावचे चबुतरे, भुलेश्वरला १८३४ साली सुरू झालेली मुंबईची पांजरापोळ, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरातले पक्ष्यांचे रुग्णालय, हे सगळे त्या दोन पेन्सचेच थोरले भाऊबंद. पहाटे दुकान उघडण्याआधी ज्वारीची मूठ टाकणारे आजोबा अजूनही अनेक घरांत आहेत. अर्थात पाखरांना दाणे ही आता तितकी निष्पाप गोष्टही राहिलेली नाही. लंडनच्याच ट्राफल्गार चौकात २००३ पासून कबुतरांना खाऊ घालण्यास बंदी आहे, आणि मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ च्या पावसाळ्यात जे घडले ते वाचकांच्या ताज्या स्मरणात असेल. श्वसनविकारांची भीती एका बाजूला, पिढ्यांचा जीवदयेचा आचार दुसऱ्या बाजूला. प्रकरण न्यायालयात गेले. चित्रपटाला या वादाची कल्पना असणे शक्य नव्हते, आणि त्याचे उत्तर त्यात शोधण्यातही अर्थ नाही. तो विचारतो तो प्रश्न याहून लहान, घरगुती आणि म्हणूनच अधिक अडचणीचा आहे: मुलाच्या स्वतःच्या पैशाचे काय करायचे हे कोणी ठरवायचे?

जॉर्ज बँक्सला उत्तर माहीत आहे. तो मुलांना आपली बँक दाखवायला नेतो. वाटेत म्हातारी दिसते, मायकल खिशात हात घालतो, आणि वडील त्याला पुढे ओढतात; पैसे असे उधळू देणार नाही, बँकेत चल, तिथे त्यांचे काय होते ते तुला दाखवतो. हे वडील दुष्ट नाहीत. पाठशाळेतून आलेल्या नातवाला रुपयाचे दोन कसे होतात हे शिकवणारे आजोबा जितके दुष्ट, तितकेच. काटकसर आणि संचय ही त्यांच्या लेखी मुलाला द्यायची सगळ्यांत मोठी ठेव आहे, आणि ती देण्याच्या घाईत समोरच्या म्हातारीकडे त्यांचे लक्षच जात नाही.

बँकेतले दृश्य व्यापारी प्रेक्षकाने चवीने पाहावे असे आहे. फिडेलिटी फिड्युशियरी बँक तिचे नाव. म्हणजे विश्वास हा शब्द नावातच दोनदा. वयाने वाकलेले, काठीच्या आधारानेही धड उभे न राहणारे अध्यक्ष मिस्टर डॉज मायकलपुढे गुंतवणुकीचे महिमान गातात. आफ्रिकेत रेल्वे, नाईलवर धरणे, जहाजे, चहाचे मळे. दोन पेन्स ठेव, आणि या सगळ्याचा तू वाटेकरी होशील. साम्राज्याचा पैसा कुठून कुठे वाहत होता याचा हा चार मिनिटांचा धडा, मळ्यांच्या देशात बसून पाहताना तर जास्तच झोंबणारा. (हे डॉज आणि तरुण, उड्या मारणारा बर्ट ही दोन्ही कामे डिक व्हॅन डाइक यांनी केली आहेत, श्रेयनामावलीत डॉज यांच्यापुढे नटाच्या नावाची उलटसुलट अक्षरे येतात आणि मग ती जागेवर बसतात.) गाता गाता म्हातारा मुलाच्या मुठीतले पैसे हिसकावून घेतो. मायकल ओरडतो, माझे पैसे परत द्या. पलीकडच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एका बाईच्या कानी एवढेच पडते की ही बँक कोणाचे तरी पैसे परत देत नाही. मग ती आपले मागते. तिचे ऐकून दुसरा मागतो. पाहता पाहता सगळे सभागृह खिडक्यांवर तुटून पडते आणि बँकेला दारे लावावी लागतात.

मुले इथे हसतात. मोठ्यांना हसू आवरून घ्यावेसे वाटते, कारण महाराष्ट्रात सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या दारात उभी राहिलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला यात अतिशयोक्ती फारशी सापडत नाही. कोणतीही बँक सगळ्यांच्या ठेवी एकाच दिवशी परत करू शकत नाही. रक्कम कर्जाऊ गेलेली असते, आणि सगळे जण एकदम मागणार नाहीत या भरवशावर व्यवहार चालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही. आपल्या पेढ्यांनी ‘पत’ हा शब्द ज्या अर्थाने जपला, तो शब्द मोडायला या चित्रपटात एका लहान मुलाची एक खरी तक्रार पुरते. त्या बँकेत याआधीची अशी धावाधाव १७७३ मध्ये झाली होती, असे पुढे डॉज मंडळी गंभीरपणे सांगतात: अमेरिकेला पाठवायच्या चहासाठी कर्ज दिले आणि बोस्टनच्या बंदरात वसाहतवाल्यांनी तो चहा समुद्रात ओतला. बँकेची स्मरणशक्ती अशी दीर्घ असते.

गोंधळातून पळालेली मुले गल्लीबोळांत हरवतात आणि धुराडी साफ करणाऱ्या बर्टला भेटतात. वडील आमच्या मागे लागले आहेत, त्यांना आम्ही नको आहोत, असे ती सांगतात. इथे बर्ट जे बोलतो ते प्रौढ प्रेक्षकाला अगदी अनपेक्षित असते, कारण बालचित्रपटात एवढ्यात वडिलांना शिक्षा व्हायची असते. बर्ट मुलांना विचारतो की तुमची काळजी घ्यायला आई आहे, मेरी पॉपिन्स आहे, चौकातला शिपाई आहे, मी आहे. तुमच्या वडिलांची काळजी कोण घेते? ते दिवसेंदिवस त्या थंडगार इमारतीत, पैशाच्या ढिगांमध्ये बसतात. पिंजरा काही गजांचाच असतो असे नाही, तो बँकेच्या आकाराचाही असतो. त्यांच्यावर संकट आले की ते कोणाला सांगत नाहीत, एकटेच सोसतात.

हे ऐकताना मोबाइल खाली ठेवला जातो. मालाचा ट्रक नाक्यावर अडकला, मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी बुडाली, कराची नोटीस आली, यांतले काय त्याने घरी सांगितले होते? सांगितले नाही यातच तो आपला मोठेपणा मानत आला. घरच्यांना ताप नको म्हणून गप्प राहायचे, आणि गप्प राहिल्यामुळे घरच्यांना तो फक्त चिडलेला दिसायचा, ही व्यापारी घरांतली जुनी कथा आहे. चिमण्यांसाठी चबुतरा आणि गाईंसाठी पांजरापोळ बांधणाऱ्या समाजात बँकेच्या आकाराच्या पिंजऱ्यातल्या माणसाकडे पाहायला मात्र कोणी सवड काढत नाही; त्याची त्यालाही सवय झालेली असते.

रात्री नऊला जॉर्ज बँक्सला बँकेत बोलावणे येते. निघण्यापूर्वी मायकल त्याच्या हातात ते दोन पेन्स ठेवतो: हे घ्या, म्हणजे सगळे ठीक होईल का? बाप ते घेतो. मग तो एकटाच ओस पडलेल्या रस्त्यांवरून चालत जातो, मागे पाखरांच्या गाण्याची धून वाजत राहते, आणि त्या चर्चच्या पायऱ्यांपाशी त्याची पावले थबकतात. संवाद नाही, काही घडत नाही. एक माणूस चालतो आहे एवढेच. पण डिस्नेच्या साऱ्या बालपटांत याहून मोठ्यांसाठी असलेला प्रसंग शोधून सापडणार नाही.

बँकेत त्याची अप्रतिष्ठा विधिपूर्वक केली जाते. कोटाला लावलेले फूल चुरगाळतात, छत्री उलटी करतात, टोपीला बुक्की मारून भोक पाडतात. ‘दिवाळे’ या शब्दामागे भर दिवसा पेढीवर दिवा लावण्याची प्रथा सांगितली जाते. पत गेली हे चारचौघांना दिसले पाहिजे, ही कल्पना तिथे आणि इथे सारखीच. आणि मग, आपल्या बचावासाठी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर जॉर्ज बँक्सच्या हाताला खिशातले दोन पेन्स लागतात आणि तो हसू लागतो. मुलांनी शिकवलेला तो चौतीस अक्षरांचा निरर्थक इंग्रजी शब्द, सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्सपिअॅलिडोशस, तो भर संचालक मंडळापुढे उच्चारतो, एक फुटकळ विनोद सांगतो, दोन पेन्स अध्यक्षांच्या हाती ठेवतो आणि निघून जातो. त्याचे सर्वस्व गेलेले असते, आणि डेव्हिड टॉमलिन्सनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे हलकेपण येते त्यासाठी तरी चित्रपट एकदा पाहावा.

या जॉर्ज बँक्सच्या मागे एक खरा माणूस होता. मूळ पुस्तके पी. एल. ट्रॅव्हर्स यांची, पहिले १९३४ सालचे. लेखिकेचे जन्मनाव हेलन लिंडन गॉफ, जन्म ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये. वडील ट्रॅव्हर्स गॉफ बँकेत व्यवस्थापक होते. मद्याने घात केला, पद उतरले, ते कारकून झाले, आणि १९०७ मध्ये, मुलगी सात वर्षांची असताना वारले. मुलीने मोठेपणी वडिलांचे नाव आपले आडनाव म्हणून घेतले आणि आयुष्यभर त्याच नावाने लिहिले. बँकेत काम करणाऱ्या एका पित्याच्या घरी वाऱ्यावरून कोणीतरी येते आणि विस्कटलेले सावरून निघून जाते, ही गोष्ट तिने लिहावी यात नवल वाटायला नको. डिस्ने वीसएक वर्षे हक्कांसाठी मागे लागले होते. १९६१ मध्ये त्या कॅलिफोर्नियाला आल्या तेव्हा पटकथेच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण व्हावे असा त्यांनी आग्रह धरला. त्या फितींत त्यांची हरकत घेण्याची हातोटी ऐकायला मिळते. २७ ऑगस्ट १९६४ रोजी हॉलिवूडमध्ये पहिला खेळ झाला. त्यांना बोलावणेच नव्हते. त्यांनी ते मागून घेतले. खेळ चालू असताना पासष्ट वर्षांच्या ट्रॅव्हर्सबाई रडल्या. आपल्या पुस्तकाचे काय केले या संतापाने रडल्या, की पडद्यावर बाप घरी परत आला म्हणून, यावर आजवर वाद आहे. २०१३ च्या ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ या चित्रपटाने दुसरी बाजू घेतली आणि ती गोडही करून दाखवली. प्रत्यक्षात त्यांनी डिस्ने यांना कधी मनापासून माफ केले नाही.

दोष सांगायचे तर आहेत. घरची आई स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी झटणारी दाखवली आहे, पण चित्रपट तिला हसण्यावारी नेतो, आणि शेवटी तिचा चळवळीचा पट्टा पतंगाची शेपटी होतो. पाहायला गमतीदार, विचार केला तर खटकणारे. छपरांवरचा धुराडीवाल्यांचा नाच निम्म्याने कमी चालला असता. डिक व्हॅन डाइक यांचे लंडनी उच्चार इतके बेतास बात की २०१७ मध्ये त्यांनी ब्रिटिश मंडळींची जाहीरपणे, हसत हसत क्षमा मागितली. शेजारच्या नौदल अधिकाऱ्याच्या तोंडी आफ्रिकी लोकांविषयी एक अपमानकारक जुना शब्द आहे. त्यासाठी २०२४ मध्ये ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने पालकांच्या मार्गदर्शनाचा शेरा जोडला. मुले विचारतील तेव्हा सांगता येईल इतके आधी माहीत असलेले बरे.

२०१८ च्या डिसेंबरात चोपन्न वर्षांनी पुढचा भाग आला, ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’. दिग्दर्शक रॉब मार्शल, मेरीच्या भूमिकेत एमिली ब्लंट. आता १९३० च्या दशकातील मंदी आहे. मायकल मोठा झाला आहे, विधुर आहे, तीन मुलांचा बाप आहे, आणि वडिलांच्याच बँकेत खिडकीवर अर्धवेळ काम करतो. पत्नीच्या आजारानंतरच्या ओढगस्तीत त्याने राहते घर तारण ठेवले आहे. शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत सगळे कर्ज फेडले नाही तर घर बँकेचे. वडिलांनी घेतलेले समभाग सापडले तर सुटका आहे, पण कागद मिळत नाही. घरच्या तारणावर कर्ज काढलेल्या कोणत्याही माणसाने हा चित्रपट पाहताना मुलांपेक्षा जास्त अस्वस्थ व्हावे अशी ही मांडणी आहे. तो कागद अखेर जुन्या पतंगाला ठिगळ म्हणून लागलेला सापडतो. त्याच्या मागच्या बाजूला मायकलने आपल्या कुटुंबाचे चित्र काढलेले असते. मात्र त्यानेही काम भागत नाही. मग नव्वदी उलटलेले डिक व्हॅन डाइक धाकट्या डॉजच्या वेषात अवतरतात, टेबलावर चढून चार पावले नाचून दाखवतात, आणि सांगतात की तुझ्या वडिलांनी दिलेले ते दोन पेन्स आम्ही शहाणपणाने गुंतवले होते. आज त्यांत तुझे कर्ज फिटते.

चित्रपटगृहात इथे टाळ्या पडतात. व्यापारी प्रेक्षक मात्र मनातल्या मनात आकडेमोड करतो. मधली वर्षे पंचवीस धरा. दसादशे पाच दराने चक्रवाढ लावली तर दोन पेन्सचे पावणेसात पेन्स होतात. वीस टक्के धरले, जे त्या काळी कोणी प्रामाणिक माणूस देत नसे, तरी १९१ पेन्स. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे घर सोडाच, पुरता एक पौंडही जमत नाही. उडणारी छत्री आणि बोलणारे पक्षी निमूट मान्य करणारा माणूस व्याजाच्या या दराला हरकत घेतो, हेही त्याच्या मनमुराद रमण्याचेच लक्षण म्हटले पाहिजे.

हरकत केवळ दराची नाही. पहिल्या चित्रपटाने मुलाच्या मुठीतल्या दोन पेन्सवर पाखरांचा हक्क सांगितला होता. दुसऱ्याने पंचवीस वर्षांनंतर निकाल फिरवला आणि वडिलांची बँकच बरोबर होती असे ठरवून टाकले. घर वाचले, सगळे सुखी झाले, पण पायऱ्यांवरच्या त्या म्हातारीची पुडी अविकलीच राहिली. नीट पाहिले तर दोन्ही चित्रपटांत मिळून त्या मुलांच्या हातून पाखरांना एक दाणाही पडत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाला परिमाण घालायला सांगितले आहे, पण संचय करूच नये असे कुठे म्हटलेले नाही. त्यामुळे या दोन चित्रपटांतला हा कलह आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे. अनुकंपादानाचा आकडा वहीत कुठल्या पानावर लिहायचा, पहिल्या की शेवटच्या, यावर बापलेकांचे मतभेद झालेली घरे कमी नाहीत. एका सुट्टीत दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत आणि मग मुलांना विचारावे, तुझ्या दोन पेन्सचे तू काय केले असतेस. उत्तरे वडिलांना वाटतात तशी येत नाहीत.

तरीसुद्धा दोहोंत निवड करायची तर पहिलाच. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जॉर्ज बँक्स तळघरातून वर येतो आणि त्याच्या हातात मुलांचा पतंग असतो, रात्रभर बसून सांधलेला. सगळे घर बागेकडे धावते. तिथे बँकेचे संचालकही पतंग उडवत असतात. त्याचा तो फुटकळ विनोद ऐकून थोरले डॉज हसता हसता तरंगत वर गेले, आणि हसतच त्यांना मरण आले, म्हणून मुलगा रागावण्याऐवजी समाधानी आहे. जागा रिकामी झाली आहे आणि ती बँक्सला भागीदार म्हणून मिळते. हेही फार सोयीचे, परंतु तोवर प्रेक्षकाला तक्रार करावीशी वाटत नाही.

वारा बदललेला असतो. मेरी पॉपिन्स जिन्याच्या वरच्या खोलीत आपली पिशवी भरते. मुले तिचा निरोपही न घेता पतंगामागे गेलेली असतात. छत्रीच्या मुठीवरचा पोपट कुरकुरतो की पाहा, त्यांना तुझ्यापेक्षा वडीलच जास्त प्रिय झाले. असेच व्हायला हवे, असे ती उत्तर देते, छत्री उघडते आणि दाराबाहेर वाऱ्यावर पाऊल ठेवते. बागेत सगळ्यांच्या नजरा पतंगाच्या दोरीवर असतात. एकटा बर्ट वर पाहतो आणि तिला फार दिवस लावू नकोस असे सांगतो.